गावी परतायचे ते कशासाठी?

(मूळचे नांदेडचे आणि अनेक वर्षे पुण्यात नियतकालिकांची मांडणी करणाऱ्या एका स्वयंसेवकाने लातूर येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



'माझा व्यवसाय आणि समाजकार्य' असा विषय मला देण्यात आला आहे. निमंत्रण देताना संयोजकांनी त्याला एक पुस्ती जोडली. येथे जमलेल्या बहुतेक घरांतील एखादा मुलगा वा मुलगी पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला आहे आणि त्यांच्यापैकी काहींच्या मनात परत येण्याचे घोळते आहे; त्यांच्याविषयीही बोला, असे त्यांनी सुचविले. परत येऊ पाहणाऱ्यांत मीही एक आहे. त्यामुळे उपदेशकाच्या भूमिकेतून बोलण्याचा अधिकार मला नाही. ज्या प्रश्नाची उत्तरे मी स्वतः शोधत आहे, तो आपल्यापुढे मांडतो.

प्रथम व्यवसायाविषयी. साप्ताहिक हाती पडते तेव्हा वाचक लेख पाहतो, लेखकाचे नाव पाहतो, चित्रे पाहतो. मांडणी त्याला दिसत नाही, आणि ती दिसू नये अशीच अपेक्षा असते. अकराशे शब्दांचा लेख नऊशे शब्दांच्या पानात बसवायचा, मथळा किती मोठा, चित्र डावीकडे की उजवीकडे, समास किती, कोठे मोकळी जागा सोडायची, हे सारे वाचकाच्या डोळ्यांचा विचार करून ठरवावे लागते. संपादक लेखकाची बाजू सांभाळतो, व्यवस्थापक जाहिरातदाराची. पानावर वाचकाची बाजू सांभाळणारा माणूस म्हणजे मांडणीकार.

१९९६ साली मी पुण्यात या कामाला लागलो, तेव्हा संगणकावर जुळविलेला मजकूर ब्रोमाइडच्या चकचकीत कागदावर निघत असे. तो कापून, मागे चिकट द्रव लावून आखीव कागदावर बसवायचा. रात्री अकरा वाजता मुद्रितशोधकाला एक अक्षर चुकलेले सापडले, तर तेवढीच ओळ नव्याने काढून धारदार पात्याने जुन्या ओळीच्या जागी बसवावी लागे. पुढे पेजमेकर आले, क्वार्क आले, मग इनडिझाइन आले. श्रीलिपीत जुळविलेला मजकूर आकृतीत उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे; युनिकोडने ती अडचण दूर केली. संगणकाच्या पडद्यावर आपण अनेक वर्षे जी 'मंगल' अक्षरे वाचत आलो, ती प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातची. देवनागरीचा रफार, वेलांटी आणि जोडाक्षर यांचा यंत्राशी मेळ घालण्यासाठी या माणसाने आयुष्य वेचले. आपल्या लिपीचा अभिमान आपण सारेच बाळगतो. त्या अभिमानाला रोजच्या कामाचे रूप कसे द्यावे, हे जोशी सरांच्या अक्षरांकडे पाहून कळते.

यंत्र जेथे, माणूस तेथे

या व्यवसायातील माणसे मोठ्या शहरात का गेली? दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे. दोघांची कीर्ती झाली ती मुंबईत. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले तेही मुंबईतच. कलाशिक्षणाची संस्था तेथे, चित्राचे ठसे करणारे कारखाने तेथे, रंगीत छपाईची यंत्रे तेथे आणि प्रकाशकही तेथे. यंत्र उचलून गावी नेता येत नव्हते. म्हणून माणूस यंत्राकडे गेला.

आपल्या मराठवाड्याची तर आणखी वेगळी कहाणी आहे. निजामी राजवटीत मराठी शाळा आणि मराठी वृत्तपत्र या दोन्ही गोष्टी सत्तेच्या डोळ्यांत सलत होत्या. आ. कृ. वाघमारे यांना 'मराठवाडा' हे साप्ताहिक संस्थानाबाहेरून, पुण्यातून चालवावे लागले. त्याच्यावर प्रवेशबंदी आली की तोच मजकूर, तीच तळमळ नवे नाव धारण करून संस्थानात येई. प्रत्येक बंदीनंतर पहिल्या पानावरील नाव बदलायचे आणि वाचकाने तरीही आपले पत्र ओळखायचे! माझ्या व्यवसायातील माणसाला यापेक्षा मोठी परीक्षा सुचणार नाही. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर गाठावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. शिकायचे तर बाहेर, छापायचे तर बाहेर, ही सवय मात्र पुढेही बरीच वर्षे अंगात राहिली.

आज काय स्थिती आहे? मी जे पान पुण्यात बसून लावतो, ते नांदेडच्या तरोड्यात किंवा लातूरच्या औसा मार्गावर बसूनही लावता येते. फाइल छापखान्यात पोचायला काही मिनिटे लागतात. यंत्राने माणसाला बांधून ठेवण्याचे दिवस संपले. तरीही आमच्या व्यवसायातील मराठवाड्याची मुले पुण्यातच राहतात. म्हणजे अडचण यंत्राची उरलेली नाही. मग कशाची आहे?

जे येथे आले

हा शोध घेताना मी गेलेल्यांकडे न पाहता आलेल्यांकडे पाहिले. मराठवाड्याच्या इतिहासात बाहेरून येऊन येथे रुजलेल्या माणसांची परंपरा मोठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर भागातील सिंदगीचे. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले आणि अखेर साऱ्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ पासून त्यांचे नाव आहे. स्वामीजी सत्ता मिळवायला आले नव्हते. खेड्यातील एका शाळेला शिक्षक हवा होता, म्हणून आले.

दुसरे उदाहरण तर याच गावचे आहे. १९६६ साली लातूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. लातूर जिल्हा व्हायला आणखी सोळा वर्षे लागायची होती. त्या वेळी पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी डॉ. आलूरकर, डॉ. भराडिया यांनी येथे विवेकानंद रुग्णालय सुरू केले. डॉ. ज्योत्स्ना कुकडे याही स्वतः डॉक्टर. पतीबरोबर आलेल्या गृहिणी एवढीच त्यांची ओळख नव्हती. २०१९ साली डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजविल्या. माझे लक्ष मात्र १९६६ कडे जाते. त्या तरुणांना पुण्यात कामाची वाण पडली असती काय? मुळीच नाही. ते एकटे आले नाहीत, गट करून आले. स्वतःच्या नावाच्या पाट्या न लावता संस्थेची पाटी लावली. आणि आल्या दिवसापासून गावाला त्यांची गरज होती. हे तिन्ही घटक मला फार महत्त्वाचे वाटतात.

यादीचा रकाना

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंती व वरची माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा नांदेडला महाविद्यालयात होतो आणि तेथून निघालेल्या तरुणांबरोबर या भागात आलो. अंगाने किडकिडीत, ढिगारे उपसण्याच्या कामी फारसा उपयोगी पडेना. अक्षर बरे म्हणून एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी माझ्या हाती वही दिली आणि कुटुंबांच्या याद्या करायला सांगितले.

नाव, गाव, वय, घरातील हयात माणसे, गरज, असे रकाने मी आखले. दुसऱ्या दिवशी त्या कार्यकर्त्यांनी वही पाहून विचारले, "या मुलाचे जवळचे कोण उरले आहे, हे कोठे लिहिणार?" मग नात्यासाठी वेगळा, रुंद रकाना आला. मामा सोलापूरला, आत्या उदगीरला, थोरली बहीण सासरी निलंग्याला. त्या एका रकान्यामुळे एखादे मूल आपल्या माणसांत पोचू शकत होते. पुढे कलाशिक्षणात समास आणि स्तंभांचे नियम शिकलो. पण मांडणी कोणासाठी करायची, हे किल्लारीच्या परिसरात शिकलो.

त्यानंतरच्या पुनर्वसनाकडेही मी मांडणीकाराच्या नजरेने पाहत आलो आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेचे साहाय्य, शासनाचे परिश्रम आणि देशभरातील संस्थांचा हातभार यांतून पक्की घरे उभी राहिली. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली, कागदावर सरळ रेषांचे रस्ते आखले गेले. नकाशा नीटस झाला. परंतु जेथे एका आकाराची घरे एका भागात आली, तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विखुरला. वेशीजवळचा पार, बायकांची दुपारची बसण्याची जागा, संध्याकाळी म्हाताऱ्यांनी टेकायचा ओटा, यांना त्या नकाशात रकाना नव्हता. तो गावकऱ्यांना पुढे आपल्या हातांनी तयार करावा लागला.

माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे म्हणजे स्थलांतर. तेथील माणसांशी त्याचे नाते जुळणे म्हणजे वसणे. स्थलांतर एका दिवसात होते. वसायला वर्षे लागतात. भूकंपानंतर मदतीला हजारो हात आले आणि आपापले काम करून परतले, ते योग्यच होते. पण काही जण राहिले. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला शाळा काढली. रा. स्व. संघ जनकल्याण समितीच्या प्रेरणेने हरंगुळला निवासी विद्यालय उभे राहिले. पुढे तेथेच मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी 'संवेदना' प्रकल्प सुरू झाला. राहिलेल्यांना कशाने बांधून ठेवले? मुलांनी. रोज सकाळी वाट पाहणारे कोणी असले, की माणूस गाव सोडत नाही.

सेवा आधी, सामान नंतर

आता माझे उत्तर सांगतो. 'आधी गावी परतू, स्थिरस्थावर होऊ, मग समाजासाठी काही करू', असा क्रम आम्ही मनाशी धरलेला असतो. तो उलटा करायला हवा. गावातील एखाद्या कामाशी आधी बांधले जावे. परतणे त्यामागून येते. केवळ आठवणींच्या ओढीने परतलेला माणूस दोन उन्हाळ्यांत कंटाळतो. गोदावरीचा घाट, सचखंड गुरुद्वाऱ्यातील पहाटेचे कीर्तन, आईच्या हातची धपाटी यांची ओढ खरी आहे. पण तेवढ्यावर रोजचा दिवस निभत नाही. आणि केवळ खर्च कमी म्हणून परतलेला माणूस मनाने शहरातच राहतो.

म्हणून गेली काही वर्षे मी पुण्यात राहून नांदेड आणि लातूर येथील सेवाकार्यांची कामे करतो. बाळंतिणींसाठी एक आरोग्यपत्रक करायचे होते. आलेला मजकूर बिनचूक होता, पण 'दिवसातून तीन वेळा भोजनोत्तर' अशा भाषेत होता. आम्ही अक्षर मोठे केले, वाक्ये लहान केली, जोडाक्षरांचे अवघड शब्द काढले आणि गोळीपुढे उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य व चंद्रकोर काढली. नुकती अक्षरे ओळखू लागलेली सासू ते पत्रक सुनेला वाचून दाखवू शकली, तर माझे काम झाले. वस्तीतील अभ्यासिकेच्या मुलांचे हस्तलिखित, रक्तदानाचे निवेदन, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा नमुना ही कामे कोणत्याही प्रदर्शनात मांडली जाणार नाहीत. त्यांच्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी माझी येथे फेरी होते, आणि प्रत्येक फेरीत ओळखीची चार घरे वाढतात.

या अनुभवावरून तरुण मित्रांना काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, शिकायला बाहेर जरूर जावे. आपल्याहून वरचढ माणसांच्या हाताखाली काम केल्याशिवाय हात तयार होत नाही. 'गाव सोडू नका' असा उपदेश मी करणार नाही. गाव सुटू देऊ नका, एवढेच सांगेन.

दुसरी गोष्ट, सेवेचे काम म्हणून सैल चालते, हा समज घातक आहे. विनामूल्य कामाची तारीख तीच, मुद्रितशोधन तेच, दर्जा तोच. मात्र त्याची मर्यादा आधी ठरवावी. महिन्याला इतके दिवस समाजाचे, बाकीचे प्रपंचाचे. ज्याचा प्रपंच ओढग्रस्त, त्याची सेवाही लवकर थकते. आणि संस्थांनीही ध्यानात घ्यावे, की प्रत्येक काम फुकट मागितले, तर परतू पाहणारा मुलगा पुण्याच्या गाडीत पुन्हा बसेल.

तिसरी गोष्ट मिळकतीची. स्थानिक कामाचा दर पुण्यापेक्षा कमी राहणार, हे गृहीत धरावे. आपल्याकडील छापखाने लग्नपत्रिका, बिलबुके आणि शाळांची प्रगतिपुस्तके यांवर चालतात. बाहेरची कामे हाती ठेवून, वर्षभराचा घरखर्च शिल्लक टाकूनच पाऊल उचलावे. पाण्याचा प्रश्नही विसरू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे परतणाऱ्याला त्याच्या घरचे लोक विचारणारच. त्याला उत्तर हवे. निदान आपल्या गल्लीतील विहीर आणि छपरावरचे पाणी यांचा विचार करणारा एक माणूस वाढला, असे त्याच्या येण्याने व्हावे.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. परतण्याचा निर्णय बहुधा मुलगा घेतो आणि तो निभवावा लागतो सुनेला. तिची नोकरी, तिचे शिक्षण, तिची माणसे शहरात असतात. तिच्यासाठी येथे कोणते काम आहे, हे आधी पाहावे. तिच्या मनाविरुद्ध केलेल्या त्यागाचे श्रेय आपण घेणे शोभणारे नाही. डॉ. ज्योत्स्ना कुकडे यांचे नाव मी मुद्दाम घेतले ते यासाठी.

मुलांच्या शिक्षणाची काळजी मात्र फारशी करू नये. आमच्या पुण्याच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी आपल्या मुलाला अकरावीसाठी लातूरला पाठविले आहे! राज्यभरातील पालक आपली मुले लातूर-नांदेडला आणतात, आणि आपण मात्र 'मुलांच्या शिक्षणासाठी' पुणे सोडत नाही. या विसंगतीवर हसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. ती मुले दोन वर्षे येथे राहतात आणि परीक्षा देऊन निघून जातात. त्या दोन वर्षांत आपल्यापैकी किती घरांनी त्यांना सणाला जेवायला बोलावले? घरापासून दूर, एका खोलीत दिवसरात्र पुस्तकांपुढे बसलेले ते सोळा वर्षांचे लेकरू आपल्या गावाची कोणती आठवण घेऊन जाते? परत येण्याचे आवाहन आपल्या मुलांना करताना, दाराशी आलेल्या दुसऱ्यांच्या मुलांनाही आपले म्हणणे, हे संघटनेचेच काम आहे.

आमच्या घरी काय ठरले, हे अनेकांनी भाषणाआधीच विचारले. वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे. आईला जिना चढवत नाही. आम्हा उभयतांचे बोलणे झाले आहे. धाकटीची बारावी झाली, की नांदेडला बिऱ्हाड हलवायचे असा मानस आहे. पत्नी शिक्षिका आहे आणि तेथील एका अभ्यासिकेत तिने उन्हाळी वर्ग घेऊन पाहिले आहेत. सारे जमेलच, असे छातीठोक सांगत नाही. पण नांदेडमध्ये आमची वाट पाहणारे आता आईवडिलांखेरीज आणखी काही जण आहेत, एवढे मात्र नक्की.

येथे बसलेल्या पालकांना शेवटी एक विनंती आहे. दिवाळीला मुले घरी येतील, तेव्हा 'परत कधी येणार?' असे विचारू नका. त्या प्रश्नाने मुलांची मान खाली जाते आणि विषय संपतो. त्याऐवजी त्यांना एखाद्या वस्तीत, एखाद्या शाळेत, एखाद्या रुग्णालयात घेऊन जा. 'तुला जे येते, त्यातले येथे काय उपयोगी पडेल?' असे विचारा. संगणक जाणणारा शाळेचे हिशेब मांडून देईल, वास्तुविशारद अभ्यासिकेचे छप्पर पाहील, परिचारिका तपासणीचा एक दिवस सांभाळील. सुट्टीचे चार दिवस त्यातले दोन द्या, एवढेच मागा. पुढचे काम ते काम स्वतः करील.

 भारतमाता की जय.